मग ताटात वाढायचं काय?

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पहिलं डायलिसिस (किडनी निकामी झाल्यावर यंत्रानं रक्त शुद्ध करणं) झालं त्या संध्याकाळी सोलापूरच्या दवाखान्यातून निघताना आईच्या हातात एक कागद देण्यात आला. झेरॉक्सवरून काढलेली झेरॉक्स, फिकट अक्षरं, सगळा मजकूर इंग्रजीत. एका बाजूला काय खायचं नाही त्याची यादी, दुसऱ्या बाजूला काय चालेल त्याची. ‘नको’मध्ये अॅव्होकाडो, प्रून, संत्र्याचा रस. ‘चालेल’मध्ये ब्ल्यूबेरी, क्रॅनबेरी, लेट्यूस. डॉक्टर म्हणाले, “मावशी, पथ्य कडक पाळा.” मंगळवेढ्याला राहणाऱ्या, सातवी शिकलेल्या माझ्या आईनं कागदाची घडी करून पिशवीत ठेवली आणि एसटीत बसल्यावर मला विचारलं, “यांना भाकरी चालंल का गं?”

मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात. अण्णांनी सत्तर वर्षं दोन्ही वेळा भाकरी खाल्ली. त्या कागदावर भाकरी कुठल्याच बाजूला नव्हती.

डायलिसिस मोफत झालं, याबद्दल मी सरकारची मनापासून ऋणी आहे. महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढे तिचंच नाव महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झालं. केंद्रानं २०१६च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला आणि जिल्हा रुग्णालयांत यंत्रं बसू लागली. त्याआधी आमच्यासारख्या घरात किडनी गेली की जमीन जायची, आणि जमीन संपली की माणूस जायचा. हा बदल ज्यांनी घडवला त्यांचे उपकार मोठे आहेत, आणि म्हणूनच त्यात राहिलेलं अर्धं काम डोळ्यांत खुपतं.

अण्णांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, चार-चार तास. म्हणजे आठवड्याच्या १६८ तासांपैकी ८ तास ते यंत्राच्या हवाली. उरलेल्या १६० तासांत रक्तात पोटॅशियम किती साचतं, अंगात पाणी किती धरतं, हे बहुतांशी ताटावर आणि तांब्यावर ठरतं. त्या आठ तासांसाठी तंत्रज्ञ आहे, परिचारिका आहे, डॉक्टर आहेत, शुद्ध पाण्याचा प्लान्ट आहे. एकशे साठ तासांसाठी इंग्रजी झेरॉक्स. माझं म्हणणं एवढंच आहे की किडनीच्या रुग्णाला आहाराचा सल्ला हा उपचार आहे. ज्या योजनेतून यंत्राचे पैसे दिले जातात त्याच योजनेतून तो मिळायला हवा, मराठीत मिळायला हवा, आणि घरात जो कोणी स्वयंपाक करतो त्याला समोर बसवून मिळायला हवा.

किडनीचं पथ्य आपल्या नेहमीच्या पथ्यांसारखं नसतं. पथ्य म्हटलं की आपल्याला तेल, तिखट, आंबट, वांगं, हरभऱ्याची डाळ सोडणं आठवतं. एकदा सोडलं की काम झालं. इथे मात्र आजाराची पायरी बदलली की पथ्य बदलतं, आणि कधी कधी अगदी उलटं होतं. अण्णांना आधी पंधरा वर्षं साखर होती. आपल्याकडे किडनी खराब होण्याची सगळ्यात मोठी कारणं साखर आणि रक्तदाब, त्यामुळे आमची गोष्ट काही वेगळी नाही. त्या पंधरा वर्षांत त्यांना सांगण्यात आलं की भात सोडा, भाकरी खा, मोड आलेली कडधान्यं खा, पालेभाज्या भरपूर खा, टोमॅटो-काकडीची कोशिंबीर रोज हवी. आईनं हे सगळं शिकून घेतलं, अंगवळणी पाडलं. मग रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावल्याची खूण, वाढलं आणि एका दिवसात सगळं फिरलं. भात चालेल, पालेभाजी उकळून पाणी टाकून द्या, टोमॅटो नको, कडधान्य कमी. साखर तर गेलेली नव्हतीच. दोन आजारांची दोन पथ्यं एकमेकांच्या विरुद्ध उभी, आणि दोन्ही एकाच ताटात बसवायची जबाबदारी आईची. शिवाय किडनी मंदावली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, त्यामुळे पूर्वीच्याच मात्रेनं साखर एकदम खाली येऊ शकते. तशी ती दोनदा आली. दोन्ही वेळा आम्ही धावतपळत मोसंबीचा रस दिला, कारण साखर उतरली की फळाचा रस द्यायचा हे डोक्यात पक्कं बसलं होतं. किडनीच्या माणसाला अशा वेळी साधं साखरपाणी बरं, रसातून पोटॅशियम जातं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

भाकरीचं पुढे काय झालं तेही सांगते. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या एका ओळखीच्यांनी सांगितलं, ज्वारी बंद करा, चपाती द्या. आईनं भाकरी बंद केली. अण्णांचं जेवण निम्म्यावर आलं. चपातीचा तुकडा भाजीत बुडवून ते नुसते बसून राहायचे. आता हिशेब बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले, ५२८ पदार्थांचे. त्यात १०० ग्रॅम ज्वारीत ३३० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम आहे. गव्हाच्या कणकेत साधारण ३१०. म्हणजे भाकरी सोडून चपाती खाल्ल्यानं काहीच साधत नाही. पांढऱ्या तांदळात शंभराच्या थोडं वर, तो खरोखर कमी. पण साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे दोनशे मिलिग्रॅम. ज्याला पोटॅशियम जपायचं आहे त्याला दिवसाला साधारण दोन ते अडीच हजार मिलिग्रॅमची मर्यादा सांगतात. त्यात सकाळची एक भाकरी आणि रात्रीचा भात सहज बसतो. त्याच आठवड्यात भेटायला आलेले पाहुणे शहाळी घेऊन येत होते. आजारी माणसाकडे जाताना शहाळं न्यायचं ही आपली रीत. एका मोठ्या शहाळ्यात सहाशे मिलिग्रॅम आणि त्याहूनही जास्त पोटॅशियम असतं, म्हणजे तीन भाकऱ्यांएवढं, आणि तेही दोन मिनिटांत पोटात. भाकरी बंद होती आणि शहाळं चालू होतं. रक्तात पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि पुष्कळदा आधी काही लक्षणही दिसत नाही. आम्ही किती थोडक्यात वाचलो, हे मला फार उशिरा समजलं.

सगळ्यांनाच सगळं बंद, हेही चूक आहे. अमेरिकेच्या नॅशनल किडनी फाउंडेशनच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत पोटॅशियमचा एकच आकडा सर्वांसाठी ठरवलेला नाही. रक्तातलं प्रमाण बघून ज्याचं त्याचं ठरवा, असं त्या म्हणतात. ज्याचं पोटॅशियम ठीक आहे त्याची फळं-भाज्या उगाच तोडल्या तर बद्धकोष्ठ होतं, तोंडाची चव जाते, अन्नावरची वासना उडते. छापील यादीला रक्ताचा रिपोर्ट वाचता येत नाही. त्याला माणूस लागतो.

सगळ्यात वाईट चूक आमच्या हातून प्रथिनांची झाली. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी दीड वर्ष अण्णांना सांगितलं होतं, डाळ कमी करा. ते बरोबरच होतं. किडनी शिल्लक असेपर्यंत तिच्यावरचा भार कमी ठेवायला साठ किलोच्या माणसाला दिवसाला चाळीस-अठ्ठेचाळीस ग्रॅम प्रथिनं पुरे, असं साधारण धरतात. पण डायलिसिस सुरू झालं की हिशेब उलटतो. यंत्रातून नको ते निघून जातं, तसंच प्रत्येक खेपेला काही ग्रॅम अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, तीही निघून जातात. म्हणून त्याच माणसाला आता साठ ते बहात्तर ग्रॅम लागतात. जवळजवळ दीडपट. हे एक वाक्य आम्हाला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर! आई आठ महिने डाळीचं पाणी वाढत राहिली. पथ्य मनापासून पाळत राहिली. अण्णांचे दंड काटकुळे झाले, सदऱ्याच्या बाह्या लोंबायला लागल्या, आणि आम्ही समजलो की आजार वाढतोय. रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन, दर वेळी कमी येत होतं. तो आकडा ठळक छापलेला असायचा, पण त्याचा ताटाशी काही संबंध आहे हे आमच्यापैकी कोणाला ठाऊक होतं?

अशा रुग्णांना बहुतेक ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग खायला सांगतात. तो चांगलाच. एका अंड्याच्या पांढऱ्यात साडेतीन ग्रॅम प्रथिनं, आणि पोटॅशियमसारखाच रक्तात साचणारा फॉस्फरस अगदी कमी. पण अण्णा माळकरी. पंढरपूर हाकेच्या अंतरावर, घरात तीन पिढ्यांची वारी. त्यांना अंडं सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. मग मुगाची घट्ट डाळ किती, पनीर किती, दही किती, सोयाबीन चालेल का, हे कोणीतरी त्यांच्या माळेचा मान ठेवून मांडून द्यायला हवं होतं. आणि एकादशी! महिन्यातून दोनदा. आपलं उपवासाचं ताट म्हणजे उकडलेला बटाटा, रताळं, शेंगदाण्याची आमटी, केळी, खजूर. किडनीच्या दृष्टीनं याहून जड ताट वर्षभरात दुसरं नसेल. साबुदाणा त्या मानानं निरुपद्रवी आहे, पण त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत, आणि खिचडीत दाण्याचं कूट आणि बटाटा असतोच. उपवास सोडा म्हणणं सोपं आहे. माळकऱ्याला उपवासाच्या दिवशी काय चालेल ते सांगायला त्याचं घर माहीत असावं लागतं.

आपल्या स्वयंपाकातली एक गंमत मला फार नंतर उमगली. भाजीतलं पोटॅशियम कमी करायचं तर ती बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी टाकून द्यायचं. कुकरमध्ये शिजवलेल्यातून काही जात नाही, कारण पाणी आतच राहतं. आता पुरणपोळीचा बेत डोळ्यांसमोर आणा. हरभऱ्याची डाळ भरपूर पाण्यात शिजते, येळवणी, म्हणजे डाळीचं पाणी, निथळून निघते, डाळीतलं पुष्कळ पोटॅशियम त्या येळवणीत उतरतं, आणि आपण त्याच येळवणीची झणझणीत आमटी करतो. पुरण गोड म्हणून अण्णांच्या ताटातून गेलं आणि त्याऐवजी आई त्यांना दोन वाट्या येळवणीची आमटी वाढायची, बिचाऱ्यांना काहीतरी चवीचं मिळावं म्हणून. हे कुठल्याही परदेशी यादीत सापडणार नाही. मुंबईत बसून तयार केलेल्या यादीतही ते कदाचित सापडणार नाही. कोकणातल्या घराला वेगळं सांगावं लागेल: सुक्या मासळीतलं मीठ, सोलकढीतलं नारळाचं दूध, आणि पाच धारांचं करमळ, म्हणजे बाजारात स्टारफ्रूट म्हणतात ते. निकामी किडनी असलेल्याला ते फळ थेट विषारी आहे. त्यानं उचकी लागते, भ्रम होतो, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. परसात झाड असलेल्या घराला हे माहीत नको?

मिठाबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्याबद्दल लोकांना निदान अंदाज तरी आहे. दिवसाला सपाट एक चमचा, पाच ग्रॅम, एवढंच. आणि त्यात लोणचं, पापड, शेंगाचटणी, फरसाण, पाव सगळं आलं. सैंधव मीठ चालतं असं घरोघरी समजतात. तेही मीठच, सोडियम तेवढंच. खरा धोका ‘लो सोडियम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठाचा, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२५मध्ये असं मीठ वापरण्याची शिफारस केली तेव्हा किडनीचे रुग्ण त्यातून स्पष्टपणे वगळले. पुडक्यावर हा इशारा मराठीत, ठसठशीत छापायला काय हरकत आहे? पुडक्यांवर तशीही किडनीच्या रुग्णाला उपयोगी पडेल अशी माहिती नसते. सोडियम किती ते छापावं लागतं, फॉस्फरस आणि पोटॅशियम किती ते सक्तीनं छापावं लागत नाही. आणि कारखान्यात घातलेला फॉस्फेट डाळी-धान्यातल्या फॉस्फरसपेक्षा फार जास्त प्रमाणात रक्तात शोषला जातो. काळ्या रंगाचं थंड पेय, प्रक्रिया केलेलं चीज, पाकिटातले नूडल्स यांत तो घटकांच्या यादीत बारीक अक्षरांतल्या एखाद्या सांकेतिक आकड्यामागे दडलेला असतो. आणि बंदी मात्र भाकरीवर येते.

आहाराची बाजू मांडताना मी अतिशयोक्ती करणार नाही. कमी प्रथिनांच्या आहारानं किडनीची घसरण किती मंदावते याबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. १९९४ साली अमेरिकेत आठशेहून अधिक रुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातून ठाम होकार मिळाला नाही. ‘हा काढा घ्या, डायलिसिस बंद होईल’ म्हणणाऱ्यांपासून, कोथिंबिरीचं पाणी पिऊन किडनी धुवा सांगणाऱ्या व्हॉट्सॲप संदेशांपासून लोकांना वाचवायचं असेल तर आपण स्वतः खोटी आशा विकता कामा नये. पण पोटॅशियमनं हृदय थांबू शकतं, जास्त पाण्यानं दम लागतो, डायलिसिसवरचा माणूस प्रथिनांअभावी खंगतो, यात कसला मतभेद आहे? आणि लक्षात घ्या, भलते उपाय सांगणारा माणूस निदान आईशी बोलतो, तिच्या भाषेत बोलतो, तिच्या स्वयंपाकघरातल्या वस्तूंची नावं घेतो. तो ज्या गादीवर येऊन बसतो ती आपणच रिकामी ठेवली आहे.

बायकांचं वेगळं बोललंच पाहिजे. अण्णांच्या जागी आई आजारी पडली असती तर? त्या बाकावर मी अशा बायका पाहिल्या. डायलिसिसहून घरी जाऊन त्या सगळ्यांचा स्वयंपाक करत होत्या. एकटीसाठी वेगळी भाजी उकळून पाणी टाकायचं, बिनमिठाची आमटी बाजूला काढायची, हे बाई स्वतःसाठी करत नाही. पनीर आणलं तर ते नातवाला जातं. ती शेवटी जेवते, उरलेलं जेवते, आणि उरलेलं म्हणजे कालवण-भाकरी आणि लोणच्याची फोड. आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांमध्ये बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे. घरातल्या माणसासाठी किडनी काढून देणाऱ्या बाईला स्वतःसाठी वाटीभर घट्ट डाळ मागता येत नाही. म्हणून सल्ला देताना नवऱ्याला, सासूला, मुलाला समोर बसवलं पाहिजे, आणि ‘हे यांचं औषध आहे, हे दुसऱ्या कोणी खायचं नाही’ असं पांढऱ्या कोटातल्या माणसानं त्यांच्या तोंडावर सांगितलं पाहिजे. बाईनं सांगून ते होत नाही.

आहारतज्ज्ञ आणायचे कुठून, असं विचारतात. मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात, निर्मला निकेतनमध्ये, परभणीच्या कृषी विद्यापीठात पोषणाचं शिक्षण वर्षानुवर्षं चालू आहे. तिथून शिकून निघालेल्या मुलींपैकी कितीतरी जणी शहरातल्या जिममध्ये वजन कमी करण्याचे तक्ते लिहितात, कारण जिल्ह्याच्या गावात त्यांच्यासाठी पगाराची जागा नाही. २०२१च्या कायद्यानं आहारतज्ज्ञांना आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यता दिली आहे. मान्यता आहे, शिक्षण आहे, अन्नाचे तक्ते तयार आहेत. जागा तेवढी निर्माण करायची आहे. अमेरिकेत डायलिसिस केंद्राच्या पथकात आहारतज्ज्ञ असणं सक्तीचं आहे, आणि डायलिसिसच्या आधीच्या किडनी रुग्णाला तिथली मेडिकेअर योजना पहिल्या वर्षी तीन तासांचा आहारसल्ला देते. इतकं राहू द्या. एक आहारतज्ज्ञ चार-पाच केंद्रं सांभाळू शकते, प्रत्येक ठिकाणी आठवड्यातून एक दिवस.

वेळ नसतो, असंही म्हणतात. डॉक्टरांना खरोखर नसतो, मी त्यांना दोष देत नाही. पण डायलिसिस चार तास चालतं. रुग्ण पलंगावर, आणि त्याची बायको, आई, सून बाहेर बाकावर, चार तास, हातात पिशवी घेऊन. शिकवण्यासाठी याहून बरी वेळ कुठल्या आजारात मिळते? महिन्याचा रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन दहा मिनिटं बोललं तरी पुष्कळ होईल.

आम्हाला आठ महिन्यांनी अशी एक बाई भेटली, पुण्यात, फी भरून. तिनं पहिला प्रश्न विचारला, “तुमच्याकडे आमटी पातळ करता की घट्ट?” आई तासभर बोलत होती. सकाळची भाकरी परत सुरू झाली, मुगाचं घट्ट वरण, दही, मोजून पनीर. शहाळी बंद झाली, येळवणीची आमटी बंद झाली. आईनं सगळं एका वहीत लिहून घेतलं. तीन महिन्यांत अल्ब्युमिन वर आलं, अण्णांच्या सदऱ्याच्या बाह्या थोड्या भरल्या.

ती वही आई पिशवीतून दवाखान्यात न्यायची. बाकावरच्या बायकांना कळलं तशा त्या वही मागायला लागल्या. कोणी मोबाइलमध्ये फोटो काढायची, कोणी शाळेच्या वहीच्या पानावर उतरवून घ्यायची, अक्कलकोटची एक म्हातारी तर सुनेकडून वाचून घेऊन पाठ करायची. आई आनंदानं देत होती. मी मात्र घाबरले होते. त्यातल्या एकीच्या नवऱ्याचं डायलिसिस अजून सुरूच झालं नव्हतं, तो नुसता तपासणीला आला होता, आणि त्याला घट्ट वरण नको होतं. दुसरीच्या मुलाचं पोटॅशियम कमी होतं, त्याला केळं चाललं असतं. त्या वहीतलं पथ्य अण्णांचं होतं. मी त्यांना तसं सांगितलं. म्हातारीच्या सुनेनं पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “मग ताई, आमचं कुणाला विचारायचं?”